मीन्याची पाठ

मला पाठच बघायची होती.

फ्रान्समधल्या लिमोझचं कलासंग्रहालय कॅथेड्रलशेजारी, अठराव्या शतकातल्या बिशपच्या वाड्यात आहे. उतार संपला की खाली व्हिएन नदी. रन्वारची चित्रंही तिथे आहेत. तो १८४१ साली याच गावात जन्मला आणि पोरवयात पॅरिसला चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवू लागला. त्याच्या चित्रांपाशी मी थांबले, पण जीव मीनाकामाच्या कपाटांत अडकला होता.

तांब्याचा पातळ पत्रा, त्यावर रंगीत काचेची पूड, मग भट्टी. निवताना काच आणि तांबं सारखं आकसत नाही. एकाच अंगाला मीना चढवला तर पत्रा वाकतो, काच तडकते. म्हणून सोळाव्या शतकातले इथले कारागीर पाठीवरही मीना देत. समोर ख्रिस्ताचा चेहरा, मागे त्याला सरळ धरून ठेवणारा थर. आणि कपाटात पाठ बहुधा भिंतीकडेच.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण तिथे आठवली आणि मग हलेचना. म्हणीतली मूठ रिकामी असण्याची शक्यता फार. किंमत असते ती झाकण्याला. इथे तर मुठीत खरोखरच काही आहे. मग ही म्हण इथे लागूच नाही का? पण मुळात तो सव्वा लाख ठरवतो कोण? मूठ मिटणारा नव्हे. समोर उभा राहून अंदाज बांधणारा ठरवतो. म्हणजे किंमत मुठीत नाही, आपल्या ताटकळण्यात आहे. तसं असेल, तर पाठ दिसली असती तेव्हा मला ती एवढी मोलाची वाटली असती का?

न दिसणाऱ्या बाजूवर मेहनत घेणारा माणूस निरिच्छ असणार, असं मानायला मन आतुर असतं. त्या कारागिरांपैकी लेओनार लिमोझँ आपली आद्याक्षरं चित्रातच घाली, ते सरळ आहे. पण पेनिको घराण्याच्या कारखान्यात ठसा मारत तो पत्र्याच्या पाठीवर, मुकुटासकट, आणि वरून पारदर्शक मीना. नाव मागे, पण काचेतून वाचता येईल असं. हे झाकणं की दाखवणं? हातात घेऊन तुकडा उलटणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो ठसा असेल तर ती मूठ मिटलेली कधी नव्हतीच. ती आपण भिंतीला टेकवून मिटली. पाठीमागे आरसा लावावा असं वाटतं. मग वाटतं, आरशात सगळे पाठच बघत बसले, तर त्या चेहऱ्याचं काय?