एका वेळी एकच खुंटी

यंत्र बिघडले म्हणजे माणसाचा विवेक बहुधा त्याच्या आधी बंद पडतो. दिवा लागेना की बटण दहा वेळा दाबावे, घड्याळ थांबले की ते हातात घेऊन खळखळा हलवावे, ही बहुतेकांची रीत. क्वचित यंत्र सुरूही होते. परंतु ते का थांबले होते आणि का चालू लागले, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. मग पुढच्या खेपेस पुन्हा तेच दाबणे आणि तेच हलवणे!

मिरजेच्या एका घरात असेच घडले. या गावात तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. त्यांतल्याच एका घरातले आजोबा दुपारच्या उजेडात तंबोऱ्याची जवारी लावत बसत, आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू आतल्या खोलीत संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत असे. दिवाळीची सुट्टी लागली आणि या खेळाला एक विचित्र खोड जडली. गाडी भरधाव धावत असावी, नवे वळण जवळ यावे, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावरचे सारे जग निमिषभर थिजून जावे! ते पुन्हा हलू लागेपर्यंत गाडी कठड्यावर आदळलेली असे.

मुलगा चिडला. एका संध्याकाळी त्याने हाताला लागेल ते सारे बदलून टाकले. चित्रांची स्पष्टता कमी केली, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर नवे घातले, खेळ पुसून पुन्हा बसवला, संगणक चार वेळा बंद करून चालू केला. दुसऱ्या दिवशी तासभर खेळ बरा चालला. तिसऱ्या दिवशी खोड परत हजर! तेव्हा त्याने निकाल देऊन टाकला : ग्राफिक्स कार्ड जुने झाले, नवे आणलेच पाहिजे. वडिलांनी किंमत विचारली, ती ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, "बघू."

"अरे, पण होते काय, ते तरी सांग," आजोबा म्हणाले.

"आजोबा, तुम्हाला यातले काय कळणार?" मुलगा बोलून गेला.

शेजारच्या खोलीत ताई तबल्याचा सराव करीत होती. तिचा ठेका मध्येच थांबला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि ते पुन्हा तंबोऱ्याच्या घोडीकडे पाहू लागले.

रात्री ताई भावाच्या मागे येऊन उभी राहिली. थोडा वेळ खेळ पाहून ती म्हणाली, "गाडी मंद चालत नाही रे, लय चुकते आहे. विलंबित ठेका कानाला गोड लागतो. पण द्रुत वाजवताना एकच मात्रा उशिरा पडली, तर सारा ठेका बिघडतो."

ताईचे हे निरीक्षण अचूक होते. पडद्यावर हलणारे चित्र हे वस्तुतः हलतच नसते. स्थिर चित्रे एकामागून एक झरझर दाखवली, म्हणजे डोळ्यांना गतीचा भास होतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट पडद्यावर आणला, तो याच युक्तीने. पुढे बोलपटांत सेकंदाला २४ चित्रे दाखवण्याची रीत रूढ झाली. संगणकाच्या खेळात बहुधा ६० चित्रे दाखवतात. फरक एवढाच, की चित्रपटाची चित्रे आधीच तयार असतात. खेळाची चित्रे मात्र त्या त्या क्षणी काढावी लागतात, कारण खेळणारा डावीकडे वळणार की उजवीकडे, हे कोणालाच ठाऊक नसते. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ भाग येतात. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, तर जुनेच चित्र पडद्यावर खिळून राहते. गंमत अशी, की ४८ चित्रे वेळेवर आली आणि एकाच चित्राला २०० भाग लागले, तरी पडद्याच्या कोपऱ्यात 'सेकंदाला ४९ चित्रे' असा भारदस्त आकडा झळकतो! सरासरी अशी भोळी असते. तिला एकट्याची चूक दिसत नाही. डोळ्यांना मात्र ती तत्काळ खुपते.

"पण ती मात्रा चुकवतो कोण?" मुलाने विचारले.

उत्तर बाहेरून आले. "तंबोरा बेसूर लागला म्हणून चारही खुंट्या एकदम पिळल्यास, तर कोणती तार बिघडली होती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच खुंटी फिरवावी, आणि मग ऐकावे."

दुसऱ्या दिवशी एक वही निघाली. ठरले असे, की दर वेळी एकच गोष्ट बदलायची, त्याच रस्त्यावर तीन फेऱ्या मारायच्या आणि काय घडले ते लिहायचे. तीन फेऱ्या अशासाठी, की काही खेळ एखादे दृश्य प्रथमच दाखवताना त्याची तयारी करण्यात अडखळतात. तो अडखळा पुढच्या फेरीत नाहीसा होतो. येथे मात्र तो तिन्ही फेऱ्यांत येत होता.

प्रथम चित्रांची स्पष्टता कमी केली. कोपऱ्यातला आकडा वाढला. अडखळणे तसेच राहिले. म्हणजे चित्रे काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर घेतलेला आळ खोटा ठरत होता! मग उष्णतेची पाळी आली. संगणक फार तापला, की तो स्वतःला जपण्यासाठी आपला वेग कमी करतो. वीज बंद करून, दोरी सॉकेटमधून काढून, मुलाने पेटीची बाजू उघडली आणि पंख्यांवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडली. पंख्याचा आवाज कमी झाला; खेळ मात्र थंड यंत्रावरही पहिल्याच मिनिटाला अडखळला. हाही निर्दोष सुटला.

तिसऱ्या खेपेस मागे उघडी राहिलेली सगळी पाने आणि कार्ये बंद केली. ८ जीबी रॅम त्यांनी जवळजवळ भरून टाकली होती. रॅम भरली, की संगणक काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. या उपायाने अडखळणे निम्म्यावर आले, पण थांबले नाही.

एवढ्यात ताई म्हणाली, "पडद्याकडे पाहू नकोस, पेटीकडे पाहा." पेटीवर एक इवलासा तांबडा दिवा होता. डिस्क काम करू लागली, की तो लुकलुके. मुलगा खेळत राहिला आणि ताई दिव्याकडे पाहत मात्रा मोजू लागली. वळण आले, दिवा पेटला, चित्र थिजले. पुन्हा वळण, पुन्हा दिवा!

दोष सापडला. खेळ जुन्या हार्ड डिस्कवर ठेवलेला होता. तिच्यातली तबकडी फिरते आणि तिचे वाचक टोक जागा शोधत सरकते. नव्या वळणापलीकडचा रस्ता तेथून येईपर्यंत चित्र खोळंबत होते. त्याच संगणकात एक लहान एसएसडी होती. तिच्यात फिरणारे काहीच नसते, म्हणून ती फार चपळ असते. नको असलेल्या वस्तू काढून मुलाने तिच्यावर जागा केली आणि खेळ तेथे हलवला. तीन फेऱ्या झाल्या. गाडी पाण्यासारखी वाहत गेली. खर्च शून्य रुपये!

प्रत्येक संगणकाची व्यथा हीच असेल असे नाही. कोठे उष्णता नडेल, कोठे रॅम, कोठे ग्राफिक्स कार्ड खरोखरच अपुरे पडेल. औषध बदलेल, निदानाची रीत बदलणार नाही.

वडील घरी आले तेव्हा मुलाने वही त्यांच्या हाती दिली. ती वाचून त्यांनी खिशातले पाकीट काढले आणि कपाटात परत ठेवले. पाकिटावर आईच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता : 'तबला'. ताईच्या उसन्या तबल्याची पुडी फाटत आली होती, हे मुलाला तेव्हा आठवले. ताईला हे पाकीट ठाऊक होते; तरी ती एका शब्दानेही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगणक बंद होता. मुलगा आजोबांजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, मला यातले काही कळत नाही. ही तार का बोलत नाही?"

आजोबा हसले. घोडीवरच्या तारेखाली घातलेला सुताचा दोरा त्यांनी नातवाच्या बोटांत दिला. "हळूच सरकव," ते म्हणाले, "आणि ऐक."