दळण

पवना नदीच्या एका तीरावर पिंपरी आणि दुसऱ्या तीरावर आमची काळेवाडी. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें या भागांत मोटारी, दुचाक्या व त्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांची एवढी दाटी झाली कीं सोलापूर, लातूर, बीड, जळगांव, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसें पोटामागें इकडे आलीं. येतांना तीं आपापल्या तोंडाची चव घेऊन आलीं. त्यांपैकीं कोणती चव टिकली व कोणती गेली हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें येथील एखाद्या पिठाच्या गिरणीवर अर्धा तास उभें राहावें.

तेथें डब्यांची रांग लागलेली असते. सोलापूरकडील घरच्या डब्यांत शाळू, खानदेशी बाईच्या डब्यांत ज्वारींत उडीद मिसळून केलेलें कळण्याचें दळण, कोणाची बाजरी, कोंकणांतून आलेल्या शेजाऱ्याची नाचणी. ज्वारी ज्वारीवरच दळावी, गव्हावर दळूं नये, असा प्रत्येकीचा आग्रह; कारण आधींच्या धान्याचें थोडेंसें पीठ दगडांत राहतें आणि तें पुढच्याच्या डब्यांत उतरतें. गव्हाच्या कणकेस जो चिवटपणा असतो तो ज्वारीस नाहीं. तिची भाकरी गरम पाण्यांत मळून हातानें थापावी लागते, आणि पीठ जुनें झालें कीं तिच्या कडा चिरतात. म्हणून जाणती गृहिणी आठ-दहा दिवसांपुरतेंच दळून नेते. ही रांग आतांशा आंखूड होत चालली आहे. पिठाचें पुडकें फोन करतांच दहा मिनिटांत दारीं येऊन पडतें, तेथें डबा डोक्यावर घेऊन चालणार कोण?

आमच्या घरीं चार माणसें. आमच्या मातोश्री, आम्ही, आमची सौ. आणि यंत्रविद्येच्या वर्गांत शिकणारे चिरंजीव. आम्ही उभयतां नोकरी करतों. त्यांतून कारखान्यांतील आमची पाळी आठवड्या-आठवड्यास बदलते. अशा घरांत पुडक्यांतील अन्न उपकारकर्त्याच्या पावलांनीं शिरतें. सकाळीं चहाबरोबर बिस्किटें, डब्यांत जामाचा पाव, संध्याकाळीं दोन मिनिटांच्या शेवया, रविवारीं तयार पिठाची इडली, असा आमचा क्रम कित्येक वर्षें सुखानें चालला होता. या झटपट शेवया आपल्या देशांत १९८३ च्या सुमारास आल्या. उन्हाळ्यांत अंगणांत खाटेवर वाळत घातलेल्या गव्हाच्या शेवया चिरंजीवांनीं पाहिल्याच नाहींत.

गेल्या वर्षीं वार्षिक तपासणींत आमच्या रक्तांतील साखर मधुमेहाच्या सीमेस टेकल्याचा कागद हातीं पडला. आमच्या वडील बंधूंच्या पायाचीं दोन बोटें याच रोगापायीं कापावीं लागलीं होतीं. तेव्हां तो कागद खिशांत घालून विसरून जाणें आम्हांस शक्य नव्हतें.

त्या निमित्तानें आम्हीं कांहीं वाचन केलें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें मे २०२४ मध्यें आहाराचे सतरा दंडक प्रसिद्ध केले. त्यांत आपल्या देशांतील एकंदर रोगभारापैकीं ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळें असल्याचा अंदाज दिला असून अतिसंस्कारित पदार्थ कमी करण्याचा स्पष्ट उपदेश केला आहे. त्याहूनही एका अमेरिकन प्रयोगानें आमचें लक्ष वेधून घेतलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत वीस माणसांस दोन आठवडे कारखानी अन्न व दोन आठवडे साधें अन्न देण्यांत आलें. दोन्ही ताटांत साखर, स्निग्धांश, तंतु आणि मीठ यांचें प्रमाण सारखें राखलें होतें, आणि हवें तितकें खाण्याची मुभा होती. कारखानी अन्नाच्या दिवसांत तींच माणसें दररोज सुमारें पांचशें उष्मांक अधिक खाऊं लागलीं आणि पंधरा दिवसांत जवळजवळ एक किलोनें वाढलीं! म्हणजे हें अन्न माणसाच्या घशाखालीं किती सहज व किती भरभर उतरतें, हाही त्याचा एक गुणधर्मच समजावयाचा.

मग आम्ही पुडक्यांची पाठ वाचूं लागलों. पाठीवरचा मजकूर बारीक असतो, पण त्यांतील जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे असा कायदा आहे, आणि तो मोठ्या उपयोगाचा आहे. दर्शनी भागावर गव्हाची लोंबी मिरविणाऱ्या एका बिस्किटाच्या पाठीवर पहिलें नांव निघालें तें मैद्याचें, दुसरें साखरेचें. मैदा करतांना गव्हाचा कोंडा आणि अंकुर दोन्ही काढून टाकतात. अंकुरांत तेल असतें. तें राहिलें तर पीठ लवकर खवट होतें आणि दूरच्या दुकानांत महिनोन्महिने पडून राहूं शकत नाहीं. तेव्हां जें काढलें तें व्यापाराच्या सोयीसाठीं काढलें. खाणाऱ्याच्या वांट्यास पांढरा गाभा तेवढा राहिला. ही गोष्ट कांहीं नवी नाहीं. सडलेल्या तांदुळानें बेरीबेरी होतो हें जावा बेटांतील कोंबड्यांवरून ताडणाऱ्या आइकमान या डच वैद्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हां हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ आणि घाण्याचें तेल यांचा पुरस्कार त्याच्या मगनवाडींतून सुरू झाला.

हा सारा वृत्तांत आम्हीं एके रात्रीं जेवतांना मोठ्या उत्साहानें सांगितला. सौ.नें तो शांतपणें ऐकून घेतला आणि विचारलें, “अहो, सगळं खरं, पण हे करायचं कोणी?”

अन्नसुधारणेवर लिहिणारे बहुतेक पुरुष या प्रश्नास वळसा घालून जातात. पुडक्याबरोबर दुकानदार खरोखर विकतो तो वेळ. आणि घरांत तो वेळ कोणाचा वांचतो हें सांगावयास नकोच. आम्ही उत्तर शोधीत आहों तोंच मातोश्री बोलल्या. त्यांचें माहेर मंगळवेढ्याकडचें. गांवांत गिरणी येईपर्यंत त्यांनीं पहांटे उठून जात्यावर दळलें आहे. “जात्याचं कौतुक ज्याला दळावं लागलं नाही त्यानं करावं,” त्या म्हणाल्या. “गिरणी आली तेव्हा आम्ही पोरींनी साखर वाटली होती.”

जात्यावरच्या ओव्यांचें माधुर्य आम्हांसही ठाऊक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या अभ्यासकांनीं आमच्या शेजारच्या मुळशी-मावळांतून व इतरत्र फिरून ज्या ओव्या जमविल्या त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. परंतु त्या ओव्यांत सासुरवास आहे, थकवा आहे, माहेरची ओढ आहे; त्या ऐकून ज्यास फक्त जात्याची घरघर गोड वाटते त्यानें त्या नीट ऐकल्या असें आम्ही म्हणणार नाहीं. गिरणी हेंही यंत्रच. आणि तें परक्याच्या घरचें असलें तरी धान्य आपलें असतें, आपल्या डोळ्यांदेखत दळलें जातें, कोंडा-अंकुरासह डब्यांत उतरतें, आणि बाईच्या खांद्याचें ओझें उतरवितें. जातें आणि पुडकें यांच्यामधलें हें स्थान आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें.

याच संदर्भांत गांधींच्या आत्मकथेंतील एक प्रसंग आम्हांस आठवला. जोहान्सबर्ग येथें असतांना त्यांनीं बेकरीचा पाव सोडला आणि घरच्या बिनखमिराच्या पावासाठीं सात पौंडांस हातचक्की विकत घेतली. तिचें लोखंडी चाक एकट्यास जड, दोघांस सोपें. तें फिरवीत कोण? बहुधा स्वतः गांधी, त्यांचे मित्र पोलक आणि मुलें. कस्तूरबा अधूनमधून हात लावीत, कारण ती त्यांची स्वयंपाकाला लागण्याची वेळ असे. आहाराविषयींचीं गांधींचीं सारींच मतें पटणें कठीण आहे, पण चक्कीची ही वांटणी आम्हांस पटली.

त्याप्रमाणें आम्हीं कामें वांटून घेतलीं. धान्य आणणें, निवडणें आणि दळण आमच्याकडे आलें. येथील पुष्कळ कारखान्यांस गुरुवारची सुट्टी असते. त्या दिवशीं मटकी-मूग भिजवून मोड आणणें, दाण्याचें कूट आणि लसणाची चटणी करून ठेवणें हेंही आमचें काम. भाजी-आमटी सौ.कडे, आणि भाकरी चिरंजीवांकडे. शेवटच्या निर्णयानें सर्वांत अधिक आश्चर्य चिरंजीवांसच वाटलें. मातोश्री स्टुलावर बसून आज्ञा देत: “पाण्याला आधण येऊ दे रे. आता वरून पाणी फिरव. सुकायच्या आत उलट, नाहीतर चिरेल.” पहिल्या भाकऱ्या चिरल्याच. तिसऱ्या आठवड्यांत एक टम्म फुगली. तिच्यावर लोणी कोणी घ्यावें यावरून आजी-नातवांत लटकें भांडण झालें. आतां कुकर एका शेगडीवर आणि तवा दुसरीवर असा पाऊण तासांत चौघांचा स्वयंपाक होतो. रात्रपाळीच्या आठवड्यांत मात्र पाव येतो, आणि त्याबद्दल घरांत कोणी कोणास बोलत नाहीं.

गिरणीवाल्या काकांशीं आमची आतां ओळख वाढली आहे. विजेचें बील वाढतें, गिऱ्हाईक घटतें, आणि ही जागा मोबाइलच्या दुकानास भाड्यानें द्यावी असें त्यांचा मुलगा म्हणतो, हें ते दगडाच्या आवाजावर आवाज चढवून सांगतात. असो.

तीन महिन्यांनीं आम्हीं रक्त पुन्हां तपासून घेतलें. आंकडा उतरला होता, फारसा नाहीं. डॉक्टरांनीं त्याचें निम्में श्रेय सायंकाळच्या फिरण्यास दिलें. फडताळांत बिस्किटांचा एक डबा अद्याप आहे. तो मातोश्रींचा. त्यांचे दांत गेले आहेत, आणि चहांत बुडवावयास भाकरी चालत नाहीं असें त्यांचें म्हणणें आहे.