करंगळीचा हिशेब

मराठी टाइप करणाऱ्याने 'च्या' लिहिताना एकदा स्वतःच्या हातांकडे बघावं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'च' उजव्या करंगळीखाली असतो. त्याचा पाय मोडायचं बटण डाव्या मधल्या बोटाखाली. मग 'य', म्हणजे पुन्हा उजवी करंगळी, आता खालच्या ओळीत वाकलेली. शेवटी काना, पुन्हा डावं मधलं बोट, वरच्या ओळीत. चार ठोके आणि राबणारी बोटं दोनच. 'ज्या' आणि 'ट्या' यांनाही तीच दोन बोटं पुरतात. आता शासकीय मराठीतलं कोणतंही वाक्य घ्या: विभागाच्या अधिकाऱ्याच्या आदेशाच्या अनुषंगाने. मी पोटासाठी अशाच वाक्यांची भाषांतरं करते. एका पानात माझी करंगळी किती वेळा वाकत असेल, हे तिने स्वतःच दुखून सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं.

करंगळीची आणि माझी पहिली ओळख कराडच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये झाली. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'मराठी टंकलेखन ३० शब्द प्रति मिनिट' ही ओळ हमखास असायची, त्यामुळे बारावीची परीक्षा संपली की अर्धा वर्ग तिथे. पत्र्याच्या छपराखाली गोदरेजची यंत्रं ओळीने मांडलेली. गोदरेजने १९५५ साली टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि आमच्या वाट्याला आलेली यंत्रं त्याच सालची असावीत असं आम्ही म्हणायचो. आधी इंग्रजी: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे, पानंच्या पानं. यंत्रावरचा ठोका बोटाच्या जोरावर उमटतो, आणि 'ए' हे अक्षर डाव्या करंगळीचं. त्यामुळे नवशिक्याच्या कागदावर सगळी अक्षरं काळीभोर आणि 'ए' तेवढा फिकट. सर कागद उजेडाला धरायचे आणि आमचं नावही न वाचता म्हणायचे, "हिची करंगळी आळशी आहे." मग घरी पाटाच्या कडेवर करंगळी आपटत बसायची.

मराठीचं यंत्र वेगळंच वागायचं. कागदावर जे डावीकडे दिसतं ते आधी मारायचं, म्हणून 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'क'. काही अक्षरांचं अर्धं रूप आधी, त्याचा उभा दांडा मागून. रफार अक्षर झाल्यावर त्याच्या डोक्यावर. लिहिणारी नव्हे, चितारणारीच यंत्रणा होती ती. पण हाताला एकदा बसली की बसली. मी मराठी ४० पर्यंतच्या परीक्षा दिल्या. सरकारी नोकरी मात्र लागली नाही.

पुण्यात नारायण पेठेत डीटीपीचं काम मिळालं. तिथे कीबोर्ड इंग्रजीच होता, पण पडद्यावर मराठी उमटायची, आणि सुदैवाने टाइपरायटरची मांडणी तशीच वापरता यायची. त्या काळात प्रत्येक फॉन्टची आतली भाषा निराळी. एका दुकानात बसवलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की अगम्य चिन्हांचा ढीग. त्या वर्षांविषयी फार सांगण्यासारखं नाही. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांच्या जाहिराती, सहकारी संस्थांचे अहवाल. हात तरुण होते, दुखायचे नाहीत.

युनिकोड आला आणि भाषांतराची कामं थेट ईमेलने जायला लागली, तेव्हा इनस्क्रिप्ट शिकणं भाग पडलं. ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिचा विचार सुरेख आहे, हे कबूल करायला हवं. स्वर आणि त्यांची चिन्हं डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. बोलताना व्यंजनामागून स्वर येतो, तसे दोन्ही हात आळीपाळीने पडतात. वेलांटी आता 'क'च्या नंतर. रफारासाठी आधी 'र', मग पायमोड. आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच नकाशा. मराठीतला 'क' जिथे, तिथेच तेलुगू, गुजराती आणि मल्याळममधलाही. पण बारा घरच्या पाहुण्यांना पुरेल असा स्वयंपाक करायचा तर तिखट कुणाच्याच जिभेच्या मापाचं होत नाही. उजव्या टोकाला च, ट, ज, ड, य असे पाच जण करंगळीच्या गळ्यात पडले. हिंदीला 'च्या' लागत नाही, तेलुगूलाही नाही. आपल्यालाच ते पावलोपावली लागतं.

त्यात भर घाला: एंटर करंगळीचा, उजवी शिफ्ट करंगळीची, आणि वरच्या कोपऱ्यातलं बॅकस्पेस तिचंच. मराठीत बॅकस्पेस एकेक चिन्ह पुसतं, म्हणून चुकलेलं 'च्या' खोडायलाही तिने चारदा वर उडी मारायची.

मनगटाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत, ठणका सुरू झाला. फिजिओथेरपिस्टबाईंनी लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं आणि मला टाइप करायला बसवलं. दोन्ही तळहात अरुंद कीबोर्डवर एकत्र आणायचे म्हणजे मनगटं बाहेरच्या अंगाला वाकणार, आणि वाकलेल्या मनगटावर करंगळी दूर फेकायची. शिवाय बटणांच्या रांगा एकीखाली एक सरळ नाहीत, तिरप्या. अमेरिकेत मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्सचं यंत्र रेमिंग्टनने १८७४ मध्ये बाजारात आणलं, तेव्हा प्रत्येक बटणाखाली एक तरफ होती आणि त्या तरफा एकमेकींच्या शेजारून जाव्यात म्हणून रांगा सरकवलेल्या होत्या. माझ्या लॅपटॉपमध्ये तरफ नाही, तिरपेपणा मात्र आहे. क्वर्टी मांडणी टाइप करणाऱ्याला संथ करण्यासाठीच केली, ही गोष्ट लोक हटकून सांगतात. मला ती पटत नाही. इंग्रजीत जोडीने वारंवार येणारे 'ई' आणि 'आर' तिथे शेजारीशेजारी बसलेत.

दोन तुकड्यांचा कीबोर्ड माझ्या भाच्याने दाखवला. लिली ५८ नावाची रचना, नावाप्रमाणे अठ्ठावन्न बटणं, प्रत्येक हाताला एकोणतीस. दोन्ही भाग खांद्याइतके लांब ठेवायचे, म्हणजे मनगट सरळ. बटणांचे उभे स्तंभ बोटांच्या लांबीप्रमाणे वरखाली, आणि प्रत्येक अंगठ्याला चार बटणं. त्याहून छोट्या, बेचाळीस बटणांच्या रचनाही आहेत. इंग्रजीवाल्यांचं त्यांवर भागतं. पण आपले क्ष, ज्ञ, त्र, श्र आकड्यांच्या ओळीत राहतात, त्यांना घराबाहेर काढायची माझी तयारी नव्हती. सुटे भाग ऑनलाइन मागवले, सोल्डरिंगची तार आणि टोक तपकीर गल्लीतून आणलं, आणि एका रविवारी आम्ही दोघं डायोड लावत बसलो. डायोड उलटा लागला की ते बटण मुकं.

जुळणी झाल्यावर मी लगेच अक्षरं हलवायला निघाले. भाचा म्हणाला, "मावशी, आधी मोज. तुला वाटतं ते आणि तू लिहितेस ते एकच असेल असं नाही." त्याने माझ्या जुन्या फायलींवरून एक छोटा प्रोग्रॅम फिरवला: कोणतं चिन्ह किती वेळा, कोणामागून कोण. भाषांतरं एका ढिगात, माझी पत्रं आणि डायरी दुसऱ्या ढिगात. दोन्हीकडे काना सगळ्यांच्या वर. पायमोडही वरच्या मंडळींत. भाषांतरांत 'ष' बराच (विषय, परिषद, वर्ष, निष्कर्ष). डायरीत तो जवळपास दिसेना. डायरीत 'बहुधा' हा शब्द इतक्या वेळा निघाला की मला जरा लाजच वाटली. आणि फायलींमध्ये जे दिसत नाही ते बॅकस्पेस. ते उमटतच नाही, पण माझ्या हाताखाली सर्वांत जास्त तेच असणार.

कीबोर्डला अक्षर कळत नाही, हे मला तेव्हा समजलं. तो फक्त बटणाचा क्रमांक पाठवतो, अक्षर संगणक ठरवतो. म्हणून कीबोर्डच्या आत मराठीसाठी एक वेगळा थर केला. अंगठ्याच्या एका बटणाने संगणकाची भाषा आणि आतला थर दोन्ही एकदम बदलतात. भाषा चुकून माउसने बदलली, तर मात्र दोघांची फारकत होते.

इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी माल्ट्रॉन कीबोर्ड केला, तेव्हा इंग्रजीत सर्वाधिक लागणारा 'ई' त्यांनी डाव्या अंगठ्याला देऊन टाकला. आमचा 'ई' म्हणजे काना. तो डाव्या अंगठ्याकडे गेला. योगायोग असा की इनस्क्रिप्टमधला काना इंग्रजी 'ई'च्याच बटणावर असतो. रिकाम्या झालेल्या त्या जागेवर 'ॉ' आणला, कारण ऑफिस, डॉक्टर, कॉपी यांच्यासाठी पार कोपऱ्यापर्यंत जावं लागायचं. बॅकस्पेस आणि शिफ्ट उजव्या अंगठ्याला. शिफ्ट धरून ठेवायची नाही, एकदा टिचकी मारली की पुढच्या अक्षराला लागू. 'ळ' आणि 'ण' यांना शिफ्टशिवाय स्वतःची बटणं दिली. द्राविडी भाषांतल्या ऱ्हस्व एकाराची आणि नुक्त्याची अशी मराठीला न लागणारी दोन बटणं मोकळीच होती. ज्या भाषेचं नाव काढलं की लोकांना 'ळ' आठवतो, तिच्या कीबोर्डवर तो शिफ्टमागे का असावा, हा माझा जुना राग. 'य' आणि स्वल्पविराम यांची अदलाबदल केली, म्हणजे 'य' मधल्या बोटाखाली. स्वल्पविरामाच्या बटणावर शिफ्ट मारली की 'ष' येतो, तो बिचारा त्याच्याबरोबर कोपऱ्यात गेला. परिषदेचं काम असलं की करंगळी अजून कुरकुरते. पण 'य' आणि 'ष' यांच्यात निवडायचं तर प्रश्नच नव्हता.

एवढं करूनही 'च्या' चार ठोक्यांचाच राहिला होता. दोन बटणं एकदम दाबली की आख्खं जोडाक्षर उमटावं, अशी सोय या कीबोर्डमध्ये करता येते. मी आधी 'च' आणि काना यांची जोडी लावली. वेगात 'रामाचा' लिहिलं की 'रामाच्या' व्हायला लागलं, कारण भरभर टाइप करताना एक बोट सुटायच्या आत दुसरं पडतं आणि कीबोर्डला ते एकदम दाबल्यासारखंच वाटतं. म्हणजे जोडी अशी हवी की ती बटणं मराठीत एकामागून एक कधीच येत नाहीत. इंग्रजीत असल्या जोड्या हुडकाव्या लागतात. देवनागरीत त्या आयत्या आहेत: एका व्यंजनावर दोन स्वरचिन्हं बसत नाहीत! मात्रेमागून वेलांटी नाही, वेलांटीमागून ओकार नाही. डाव्या हाताखालची ही सगळी चिन्हं म्हणजे फुकट मिळालेल्या जोड्या. मात्रा आणि वेलांटी एकत्र दाबली की 'च्या'. ओकार आणि वेलांटी एकत्र, 'त्या'. हे सुचलं त्या रात्री मला झोप आली नाही, आणि हे कुणाला सांगावं तेही कळेना. घरात सांगितलं तर "बरं" म्हणाले.

सवय व्हायला वेळ लागला. दिवसा जुन्या कीबोर्डवर पोटापाण्याचं, संध्याकाळी नव्यावर डायरी. डायरीची वाक्यं त्या काळात फार आखूड आहेत. पुढे एकदा हाताने आपणहून डाव्या अंगठ्याने काना दिला आणि मग मागे वळायची गरज पडली नाही. लॅपटॉपवर बसले की मात्र तेच हात जुन्या नकाशाने चालतात. तुकडे केलेला कीबोर्ड हाताला इतका वेगळा लागतो की दोन्ही सवयी एकमेकींच्या वाटेला जात नाहीत.

एक परिणाम मी धरला नव्हता. 'च्या' एका झटक्यात यायला लागल्यापासून माझ्या भाषांतरात षष्ठीच्या साखळ्या लांबल्या. पूर्वी तिसऱ्या 'च्या'पाशी करंगळी थकायची आणि मी वाक्य मोडायचे, 'विभागाने काढलेला आदेश' असं क्रियापद घालून मोकळी व्हायचे. आता हात अडत नाही, म्हणून नजरेने अडवावं लागतं. दुसऱ्या वाचनात मी 'च्या' शोधते आणि अर्धे तोडते. भाचा म्हणतो, मग ती जोडी काढून टाक. मी काढलेली नाही. वाक्य कुठे मोडायचं हे मला ठरवू दे, दुखण्याला नको.

त्यालाही ही मांडणी हवी होती. देऊन बघितली, आठवड्यात परत केली. तो मराठी लिहितो ती मित्रांशी गप्पांपुरती. त्याला 'ना', 'रे', 'काय' लागतं, 'अनुषंगाने' कधीच लागत नाही. मी त्याला त्याच्याच मेसेजांवर तो प्रोग्रॅम फिरवायला सांगितलं आहे.

माझ्याकडे आता 'ॲ'चा घोळ उरलाय. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं. त्याआधीची माझी सवय 'अ'वर चंद्र देण्याची. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाला वेगळी. शोधात एक घातलं तर दुसरं सापडत नाही, आणि 'ॲप', 'ॲडव्होकेट' माझ्या फायलींत दोन्ही रूपांनी पडलेत. कीबोर्डच्या आत काही करून हे सुटणार नाही, कारण मी वापरते त्या विंडोजच्या मांडणीत मुळात 'ॲ'ला बटण नाही. मायक्रोसॉफ्टचं मांडणी बनवायचं एक जुनं मोफत साधन आहे, त्याने ती उघडून एक जागा करावी लागेल. हिंदीतल्या 'ऍ'ची जागा घेता येईल. हिंदी मी टाइप करत नाही. पण कधी करावं लागलं तर?