टाऊन हॉलचा राबता

आज ठाण्याच्या ब्रिटिशकालीन टाऊन हॉलवरून जाताना पुन्हा वाटलं, जुनी वास्तू नुसती रंगवून वाचत नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल कोंडते आणि भिंत पोखरली जाते. तिला चुनाच लागतो. आणि लागतो माणसांचा राबता. तो ठाण्याला नवा नाही. १८५३ मध्ये पहिली रेल्वे ठाण्याला आली. १८९३ मध्ये वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने इथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. एकत्र येण्याची या शहराची सवय जुनी आहे. म्हणूनच डागडुजीनंतर अशा सभागृहाचं भाडं नवख्या चित्रकाराला, हौशी नाट्यसंस्थेला परवडायलाच हवं. कल्याण-डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या रसिकालाही इथे हक्काची खुर्ची मिळायला हवी.