मे महिन्यातले टमाटर

नागपुरात गच्चीवर टमाटर पिकवणं अवघड नाही. ऑक्टोबरात रोपं लावा, थंडीत टोपली भरून तोडा; त्या दिवसांतलं इथलं ऊन इतकं सोयीचं असतं की नवखा माणूसही फारसा चुकत नाही. अवघड आहे ते मार्चनंतर थांबणं. मला ते जमलं नाही, आणि २०२४च्या मे महिन्यात मी बागही घालवली आणि घरातल्या सगळ्यांची सुटीही अर्धी नासवली.

बाग सगळ्यांची होती. वांगी आईची, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि पालक बायकोचा, चवळीचा वेल मुलीचा. टमाटर मी माझ्याकडे ठेवले होते, कारण फोटो टमाटरचेच चांगले येतात. आईची वांगी अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये होती. मी मात्र काळ्या ग्रो बॅगा आणल्या आणि माती जड होते म्हणून त्यात निम्म्याहून जास्त कोकोपीट भरलं. काळी पिशवी उन्हात किती तापेल हे मे महिन्यात नागपूरच्या स्लॅबवर अनवाणी पाऊल टाकलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागू नये. मला लागलं.

एप्रिलात मी हिरवी जाळी ताणत होतो तेव्हा बाबा खुर्ची टाकून बघत होते. ते काटोलकडच्या शेतकरी घरातले. म्हणाले, "मे महिन्यात कोणाच्या वावरात भाजी उभी रायते का बापा?" विहिरीवाले उन्हाळी भाजी घेतातच, हा माझा मुद्दा बिनतोड होता आणि बाबा गप्प बसले. मला एवढंच सुचलं नाही की वावरातलं मूळ खाली गारव्याकडे जाऊ शकतं. पिशवीतलं मूळ कुठंही वळलं तरी तापलेल्या प्लॅस्टिकलाच टेकतं. शिवाय दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की टमाटरचं फूल धरत नाही, गळून पडतं. म्हणजे एप्रिलनंतर मी जे जगवत होतो त्याला नवं फळ येणारच नव्हतं. हे मी नंतर वाचलं. आधीही वाचता आलं असतं.

मुलांना समुद्र दाखवायचा होता. तिकिटं काढायला मी उशीर केला, त्यामुळे मडगावच्या गाडीत जागा मिळाली ती मेच्या शेवटच्या आठवड्यातली. कुडाळला उतरायचं आणि मालवण गाठायचं, असा बेत. बाबा म्हणाले, "मी थांबतो, मले काय समुद्राचं? झाडायले पाणी घालीन." बायकोचं म्हणणं, बाबांनाही न्यायचं आणि गच्चीची किल्ली शेजारच्या काकूंना द्यायची. मी दोन्ही मोडून काढलं. कारण मी ठिबकचा संच आणि नळावर लावायचा टायमर घेतला होता, आणि माणसाशिवाय बाग चालते हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

टायमर मी सकाळी सहाला आणि दुपारी दोनला लावला. दुपारी झाडांना जास्त तहान लागते, असा माझा हिशेब. पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून, तेही स्लॅबवर पसरलेल्या काळ्या बारीक नळ्यांमधून. दुपारी दोनला त्या नळीतून पहिलं पाणी येतं त्याला पाणी म्हणणं कठीण, ते आधणच. निघायच्या आदल्या रात्री, परत येईपर्यंत झाडं जोमात असावीत म्हणून प्रत्येक पिशवीत चिमूटभर युरियाही टाकला. चिमूट माझ्या हाताची.

मालवणला पोचलो आणि पहिलंच कळलं की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र धरून ही वाहतूक दरवर्षी २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद ठेवतात. सगळ्या कोकणाला ठाऊक असलेली गोष्ट. १६६४ साली शिवाजी महाराजांनी समुद्रात बांधायला घेतलेला किल्ला मुलांनी किनाऱ्यावरून पाहिला, आणि मुलगा माझ्याशी दिवसभर बोलला नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई परसात आळी करत होत्या. पाऊस पडला की त्यात काकडी, पडवळ, दोडका लागणार आणि गणपतीपर्यंत मांडव भरणार. वाफे आत्ता रिकामे. मी त्यांना माझ्या टायमरबद्दल बरंच सांगितलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता विचारलं, "मगे झाडांका बघतलो कोण?" मला तेव्हा तो अडाणी प्रश्न वाटला.

त्याच दिवसांत काकूंचा निरोप आला: तुमच्या गच्चीच्या पन्हळातून पाणी वाहून राहिलं. मी तारकर्लीच्या वाळूत बसून उत्तर पाठवलं, "ठिबक आहे काकू, थोडं गळतंच." ते ठिबक नव्हतं. उन्हाने नळी मऊ पडून जोडावरून निसटली होती आणि टायमर इमानेइतबारे टाकी रिकामी करत होता. टाकी भरायची मोटर खाली, बटण हाताने दाबायचं. गच्चीची किल्ली माझ्या खिशात.

मग ३० मेची संध्याकाळ. घरच्या ग्रुपवर बातमी आली की नागपुरात ५६ अंश. मुलाने लगेच शोधून सांगितलं की जगाचा विक्रम १९१३चा आहे, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, ५६.७. म्हणजे थोडक्यात हुकलं. मला घास गिळवेना. जेवण तसंच टाकून मी परतीची गाडी लवकरची मिळते का ते बघू लागलो, आणि सुटीचे उरलेले दिवस मी फोनमध्ये आणि बाकीचे माझ्यावर चिडलेले असे गेले. पुढे हवामान खात्याने सांगितलं की स्वयंचलित केंद्राच्या यंत्रातच दोष होता, शहरातल्या इतर नोंदी कितीतरी खाली होत्या. ऐकून माझा जीव भांड्यात पडला, ही तर आणखी मोठी गंमत. २३ मे २०१३ला नागपूरने ४७.९ अंश खरोखर पाहिले आहेत. पिशवीतलं झाड मारायला तेवढेही लागत नाहीत.

गच्चीचं दार उघडलं तेव्हा टमाटर सुतळीवर वाळून लटकत होते. जी फळं राहिली होती त्यांच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरे, चामड्यासारखे डाग. मातीवर युरियाची पांढुरकी खपली. मी घाईने बादली ओतली, तर पाणी पिशवीच्या कडेने सरळ खाली निघून गेलं आणि आतला गोळा कोरडाच. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की वरून ओतलेलं पाणी सहज शोषत नाही. अख्खी पिशवी टबात बुडवून ठेवावी लागते. आईची वांगी मात्र जिवंत होती. मरगळलेली, पण हिरवी. तिने ड्रम टाकीच्या सावलीत सरकवले होते, मातीच भरली होती आणि वर वाळलेल्या पाल्याचा जाड थर दिला होता. मला न विचारता. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

इथं थांबलो असतो तर बरं होतं. पण मी तारकर्लीहून दोन पिशव्या वाळू आणली होती, आमची काळी माती मोकळी करायला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ओल्या वाळूत तेच मुरलेले. शिवाय शिंपल्यांचा चुरा म्हणजे चुना, आणि विदर्भाच्या काळ्या मातीत चुना आधीच पुरेसा. ती वाळू मी बायकोच्या सांबारात मिसळली. धणे उगवलेच नाहीत, पालकाची पानं टोकाकडून करपली आणि मिठातल्या सोडियमने माती वाळल्यावर विटेसारखी घट्ट झाली. शेतातलं मीठ पावसाने खाली तरी जातं. कुंडीत तुम्ही टाकलेलं सगळं कुंडीतच राहतं. ती माती शेवटी आम्ही टाकून दिली. बायकोने त्यावर काहीच म्हटलं नाही, हे जरा जास्तच झालं.

आता आमच्याकडे एप्रिलअखेर बाग बंद होते. शेवटच्या वांग्यांचं भरीत होतं, माती गच्चीवर पसरून थोडी ओली करायची आणि पारदर्शक प्लॅस्टिकखाली महिना-दीड महिना तापू द्यायची, म्हणजे त्यातली कीड आणि सूत्रकृमी बऱ्याच प्रमाणात मरतात. मृग लागला की चवळी, भेंडी, दोडका. टमाटर ऑक्टोबरात. पिशव्या पांढऱ्या.

गच्चीवर भाजी करणाऱ्या नागपूरकरांना एवढंच सांगेन: मे महिन्यात कुंड्या रिकाम्या ठेवा, आणि एखादं झाड ठेवायचंच असेल तर किल्ली शेजारी देऊन जा. मालवणला मुलांना किल्ला दाखवायचा असेल तर २५ मेच्या आत पोचा.