डॉक्टर नक्की कोणाचा?

वालूर म्हटलं की हल्ली लोक चक्राकार बारवेचे फोटो पाठवतात. छान आहे बारव, वादच नाही. पण आमच्या परभणीकडच्या गावांचा विषय निघाला की मला आधी आठवतात त्या जत्रेतल्या कुस्त्या. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या, मग इनामाच्या. वजनकाटा कुठेच नाही. पंच दोघांना शेजारी उभं करणार, खांद्यापासून पोटरीपर्यंत बघणार आणि म्हणणार, "जोड बराबर हाय, लावा." आणि डॉक्टर? खांदा निखळला तर वस्ताद आहेत की! त्यांनाही नाही जमलं तर कोणाची तरी मोटरसायकल आणि सेलूचा दवाखाना.

त्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटचं प्रकरण झालं, तेव्हा सगळे त्या १०० ग्रॅमवर बोलत होते आणि मी भलत्याच माणसाकडे बघत होतो. डॉ. दिनशॉ पारडीवाला. मुंबईचे ऑर्थोपेडिक सर्जन, अपघातानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्याचं ऑपरेशन करणारे, आणि पॅरिसला भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी.

ऑलिंपिक कुस्तीत दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. ६ तारखेला विनेश ५० किलोत बसली, तीन लढती जिंकली. संध्याकाळी काटा २.७ किलो जास्त दाखवत होता. लढतींमध्ये शरीर कोरडं पडू नये म्हणून थोडं थोडं पाणी द्यावंच लागतं, आणि वजन नेहमीपेक्षा जास्त वाढलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मग रात्रभर व्यायाम आणि सॉना. शेवटी केस कापले, कपडे आखूड केले. तरी १०० ग्रॅम उरलेच. फायनल गेली, पदक गेलं, आणि नंतर तिला सलाइन लावावं लागलं.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). ज्याचं काम खेळाडूच्या अंगात पाणी राहील हे बघणं, तोच माणूस त्या रात्री ते पाणी काढण्याच्या कामात होता. समजा पहाटे तीनला तो म्हणाला असता, "बास, आता जिवाला धोका आहे," तर? देशाने त्याला सोडलं नसतं. तसं न म्हणताही लोकांनी सोडलं नाहीच. शेवटी पी. टी. उषांना निवेदन काढावं लागलं की वजन सांभाळणं ही खेळाडू आणि तिच्या कोचची जबाबदारी, वैद्यकीय पथक मुख्यतः दुखापती आणि रिकव्हरीसाठी होतं. हे मला पटतं. पण कागदावरची जबाबदारी आणि रात्री दोन वाजता अंगावर येणारी जबाबदारी यात किती अंतर असतं, हे रिलीजच्या रात्री ऑफिसात थांबलेल्या कोणालाही विचारा.

आपल्याकडे टेस्टरने बिल्ड अडवला तर मॅनेजर कपाळाला आठ्या घालतो, फार तर. फुटबॉलमध्ये एका डॉक्टरबाईंची नोकरी गेली. ८ ऑगस्ट २०१५, चेल्सी विरुद्ध स्वान्सी. एडन हॅझार्ड पडला, रेफरीने बोलावलं, म्हणून डॉ. एव्हा कार्नेरो मैदानात धावल्या. नियम असा की उपचार घेतलेल्या खेळाडूला काही वेळ बाहेर जावं लागतं, आणि चेल्सीचा एक खेळाडू आधीच रेड कार्डने गेलेला. मॅनेजर मोरिन्यो भडकले. म्हणाले, यांना खेळ कळत नाही. बाईंना पहिल्या संघाच्या बाकावरून हलवलं, पुढे त्या क्लब सोडून गेल्या. २०१६ मध्ये प्रकरण मिटलं, तेव्हा क्लबने जाहीर माफी मागितली.

खेळ कळत नाही म्हणे! मुळात खेळ कळणं हे त्यांचं काम होतंच कुठे? पडलेला माणूस उठेल की नाही हे कळणं, एवढंच. पण पगार क्लब देतो, आणि क्लबला रविवारी अकरा माणसं हवी असतात. मला विचाराल तर मॅचच्या दिवशी "याला खेळवायचं नाही" हा शब्द ज्याचा चालतो, त्याचा पगार संघाकडून नकोच. स्पर्धा भरवणाऱ्याकडून असावा. जत्रेच्या कुस्त्यांनाही हेच लागू करायला हरकत नाही. वर्गणीतून एक इनाम कमी ठेवलं, तर एक डॉक्टर आणि एक गाडी दिवसभर आखाड्याशेजारी उभी राहू शकते.