चष्मा मशिनच्या अंतराचा

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स आहे. पन्नाशी ओलांडलेले कामगार जेवणाच्या सुट्टीत येतात आणि दारातच सांगतात, "सिस्टर, गोळी द्या, पण कार्डावर काही लिहू नका." शुगर, बीपी, गुडघे, कमी झालेलं ऐकू येणं, सगळं लपवतात. कार्डावर चढलं की 'अनफिट' ठरू, मग व्हीआरएसचा कागद पुढे येईल, ही भीती. ती खोटी आहे असं मला त्यांना छातीठोकपणे सांगता येत नाही.

लेथवरचे एक मामा मानेसाठी मलम न्यायला सारखे यायचे. वय ५६. एक्स-रेमध्ये वयाप्रमाणे मणक्यांची झीज, बाकी काही नाही. शेवटी मी शॉपमध्ये त्यांच्या मशिनपाशीच जाऊन उभी राहिले. जॉबकडे बघताना मामा हनुवटी वर उचलायचे, मान मागे टाकायचे. चष्मा बायफोकल. जवळची काच खाली, तीही वाचनाच्या, म्हणजे ३५-४० सेंटिमीटर अंतराची. टेपने मोजलं तर डोळ्यापासून जॉब ६५ सेंटिमीटरवर. वरच्या काचेतून धूसर, खालच्या काचेतूनही धूसर, आणि मामांची मान पाळीभर त्या दोन काचांमध्ये हेलपाटे घालत होती.

तो आकडा चिठ्ठीवर लिहून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मशिनपुरता एकाच नंबरचा सेफ्टी चष्मा झाला. त्यातून लांबचं नीट दिसत नाही, म्हणून फोर्कलिफ्टच्या वाटेवर जाताना तो बदलायचा. मशिनवर दिवाही बसवून घेतला. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. मलम बंद झालं.

मॅनेजरसाहेबांना मी जर्मनीतल्या डिंगॉल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्याचं उदाहरण दिलं. तिथे २००७ साली एका लाइनवर मुद्दाम वयस्क कामगार ठेवून लाकडी जमीन, बसायला खुर्च्या, बारीक कामाला भिंगं असे बदल केले आणि उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत चाळिशीवरच्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी आहे. फार चांगलं झालं. पण रिपोर्ट फायलीत आणि मशिन होतं तसंच, असं झालं तर कामगार आणखी लपवतील. म्हणून मी रजिस्टरला एक रकाना वाढवलाय: 'कामात काय बदल केला?'

सध्या त्या रकान्यात तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या पाळीपुढे काहीच लिहिलेलं नाही. परवा पहाटे एका काकांना दरदरून घाम फुटला, शुगर ५४. घरी लवकर जेवून, शुगरची गोळी घेऊन येतात. कँटीनला रात्री फक्त चहा-बिस्कीट. गोळीची वेळ डॉक्टर बदलून देतील. रात्री दोनला पोळी-भाजी मिळावी असा अर्ज आम्ही दिलाय. एवढ्या थोड्या माणसांसाठी शेगडी पेटवणं परवडत नाही, असं ठेकेदाराचं म्हणणं. सेफ्टी कमिटीच्या येत्या बैठकीत काकांचं नाव झाकून मी त्यांचा शुगर ५४चा रिपोर्ट टेबलावर ठेवणार आहे.